उत्तर कॅनडातल्या दुर्गम वस्तीला इंटरनेट: फायबर, मायक्रोवेव्ह की उपग्रह?

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात २५ वस्त्या आहेत. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सगळी मिळून सुमारे ३७ हजार, आणि बाहेरून एकाही वस्तीला रस्ता येत नाही. माणसं विमानाने ये-जा करतात. सिमेंट, डिझेल, फ्रीज, टॉवरचे लोखंडी भाग असा जड माल उन्हाळ्यात जहाजाने येतो. त्या फेरीला तिथे सीलिफ्ट म्हणतात. वीज गावातल्याच डिझेल जनरेटरची. ओंटारियो, क्वेबेक आणि मॅनिटोबाच्या उत्तर टोकाला किंवा नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये चित्र थोडं निराळं आहे: काही गावांना हिवाळ्यात गोठलेल्या नद्या-तळ्यांवरून रस्ता मिळतो, काहींच्या वेशीपर्यंत फायबर पोचलेलं आहे.

हा आढावा अशा एखाद्या गावाच्या कौन्सिलसाठी, तिच्या सल्लागारासाठी किंवा अशा प्रकल्पावर काम करणाऱ्या इंजिनिअरसाठी आहे. कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे सीआरटीसीने, डिसेंबर २०१६ मध्ये घरगुती इंटरनेटची पातळी ठरवून दिली: ५० एमबीपीएस डाउनलोड, १० एमबीपीएस अपलोड आणि अमर्याद डेटाचा पर्याय. तेव्हापासून अनुदानाचे अर्ज या आकड्यांभोवती फिरतात. निर्णय घेताना मात्र दुसरेच दोन प्रश्न आधी विचारावेत: ही जोडणी कशाने तुटेल? आणि तुटल्यावर दुरुस्ती करणारा माणूस व सुटा भाग किती दिवसांत गावात पोचेल? वेगाच्या बाबतीत आता तीन पर्याय जवळपास आले आहेत. दुरुस्तीच्या बाबतीत ते एकमेकांपासून फार लांब आहेत.

आधी गरज मोजा

गावात ३०० घरं आहेत असं धरू. प्रत्येकाला ५० एमबीपीएस द्यायचे म्हणून ३०० गुणिले ५० करून १५ जीबीपीएस (१ जीबीपीएस म्हणजे १,००० एमबीपीएस) मागू नका. सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत. संध्याकाळच्या गर्दीच्या तासात घरामागे सरासरी ३ एमबीपीएस धरले तर ९०० एमबीपीएस होतात. शाळा, आरोग्य केंद्र, कौन्सिलचं ऑफिस आणि मोबाइल टॉवर मिळून आणखी १०० ते २०० धरा. म्हणजे आज साधारण १ जीबीपीएसची मुख्य जोडणी पुरते. मागणी वाढतच जाते, त्यामुळे करार करताना पाच वर्षांनी दुप्पट क्षमता कोणत्या दराने मिळेल तेही लिहून घ्या.

आरोग्य केंद्राची गरज वेगळी मोजा. व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोलायला वेग फार लागत नाही, पण अपलोड स्थिर लागतो. नेटवर्कमध्ये त्या वाहतुकीला अग्रक्रम दिलेला नसेल, तर रात्री आठ वाजता सगळं गाव व्हिडिओ बघत असताना नर्सचा कॉल अडखळतो. मुख्य जोडणी कितीही मोठी घेतली तरी हे होऊ शकतं.

फायबर: सगळ्यात चांगलं, एक मार्ग असेल तर सगळ्यात धोक्याचं

क्षमतेच्या बाबतीत फायबरला स्पर्धक नाही. एकदा टाकलं की टोकाची यंत्रं बदलून क्षमता दहापट, शंभरपट करता येते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशलहरीवर सिग्नलमध्ये किलोमीटरला साधारण ०.२ डीबी (डेसिबल) एवढीच घट असते, त्यामुळे ८० ते १०० किमीवर सिग्नल वाढवणारा एक अॅम्प्लिफायर पुरतो. पण त्या प्रत्येक अॅम्प्लिफायरला वीज, ऊब आणि कुलूपबंद खोली लागते. अंदाजपत्रकात हाच खर्च बहुधा विसरला जातो.

मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून इनुविकपर्यंत जाणारी १,१५४ किमीची फायबर लाइन २०१७ मध्ये पूर्ण झाली. सुरुवातीचा बांधकामाचा आकडा सुमारे ८ कोटी २० लाख कॅनेडियन डॉलर होता, म्हणजे किलोमीटरमागे ७१ हजार. प्रत्यक्ष खर्च त्याहून वाढला. हा जुना दर धरला तरी १५० किमीच्या फाट्याला १ कोटी ६ लाख डॉलर लागतात आणि ३०० घरांत वाटले तर घरामागे ३५ हजार. अनुदानाशिवाय हे कोणत्याही गावाला झेपणारं नाही.

जमीन कायम गोठलेली असणं, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, ही दुसरी अडचण. नांगरासारख्या यंत्राने चर पाडून केबल पुरताना वरचा शेवाळाचा थर फाटतो. तो थर उष्णतारोधक असतो. तो गेला की उन्हाळ्यात खालचा बर्फ वितळतो, जमीन खचते, चरात पाणी साचतं आणि केबल उघडी पडते किंवा ताणली जाते. म्हणून काम हिवाळ्यात, जमीन टणक असताना करतात आणि केबलमध्ये जागोजागी सैल वेटोळी ठेवतात. नळीतून केबल टाकली असेल तर आणखी एक दोष हमखास भेटतो: नळीत शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि तंतू दाबतं. जानेवारीत सिग्नल घटतो, जूनमध्ये आपोआप सुधारतो. ओटीडीआरवर, म्हणजे तंतूत प्रकाश सोडून दोषाची जागा दाखवणाऱ्या यंत्रावर, तुटीऐवजी एका जागी वाढलेली घट दिसते. हिवाळ्यात घेतलेलं मोजमाप जपून ठेवलेलं नसेल तर उन्हाळ्यात आलेल्या तंत्रज्ञाला काहीच सापडत नाही. त्यामुळे लाइन सुरू होताना आणि पहिल्या जानेवारीत, असे दोन्ही आलेख ठेकेदाराकडून लेखी घ्या.

आपल्याकडे केबल तुटली की बहुतेक वेळा रस्त्याच्या कामावरचा जेसीबी निघतो, आणि संध्याकाळपर्यंत ती जोडली जाते. उत्तरेत कारणं आणि वेळ दोन्ही वेगळी. ऑगस्ट २०२३ मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या वणव्यात फायबर लाइन जळाली आणि हे रिव्हर, फोर्ट स्मिथ या भागांतले फोन, मोबाइल आणि इंटरनेट, सगळंच ठप्प झालं. तेही गावं रिकामी करायचे आदेश निघत असताना. माणसांना बाहेर पडण्याची सूचना ज्या तारेवरून जायची, तीच तार आगीच्या वाटेत होती.

समुद्री केबलचं उदाहरण शेजारच्या अलास्कातलं. क्विंटिलियन कंपनीची नोम ते प्रुडो बे ही केबल जून २०२३ मध्ये समुद्रातल्या बर्फाच्या तळ खरवडण्याने तुटली. दुरुस्तीचं जहाज बर्फ हटल्याशिवाय तिथे जाऊ शकत नाही, त्यामुळे सेवा परत यायला सप्टेंबर उजाडला. जानेवारी २०२५ मध्ये ती पुन्हा बर्फानेच तुटली, आणि या वेळी तर उन्हाळ्याची वाट पाहण्यावाचून काही इलाजच नव्हता. उथळ किनाऱ्याजवळ केबल किती खोल पुरली आहे हा प्रश्न म्हणून कळीचा ठरतो.

उलट बाजूचं उदाहरण स्वालबार्डचं. नॉर्वेने तिथे सुरुवातीपासून दोन केबल टाकल्या. जानेवारी २०२२ मध्ये एकीला इजा झाली, दुसरीवर सेवा चालू राहिली. मॅकेन्झी लाइनलाही आता डॉसन सिटीकडून डेम्पस्टर महामार्गालगत सुमारे ८०० किमीची दुसरी बाजू जोडून वर्तुळ पूर्ण करण्यात आलं आहे. फायबर घ्यायचं तर वर्तुळात घ्या. ते शक्य नसेल तर उपग्रहाची लहान जोडणी पहिल्या दिवसापासून बरोबर ठेवा, कागदावर न ठेवता प्रत्यक्ष चालू.

आधीच उभ्या असलेल्या खांबांचा फायदा मिळत असेल तर जरूर घ्या. जेम्स उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर फोर्ट अल्बानी, काशेचेवान, अट्टावापिस्काट या क्री आदिवासी वस्त्यांना वीजवाहिनीच्या सोबतीने फायबर मिळालं. नवी वाट कापावी लागली नाही. क्वेबेकच्या उत्तरेतल्या नुनाविकमध्ये कातिविक प्रादेशिक सरकारने हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्याने समुद्री केबल टाकली आणि कुज्जुआरापिक, उमिउजाक, इनुकजुआक, पुविर्नितुक ही गावं जोडली. गावांची माळ किनाऱ्याने असेल तर समुद्र हाच स्वस्त रस्ता असतो.

मायक्रोवेव्ह: दोन-चार टप्प्यांचं काम

जवळच्या गावात फायबर आलं आहे, आपलं गाव ६० ते १५० किमीवर आहे आणि मध्ये दलदल किंवा तळी आहेत. मायक्रोवेव्हची जागा इथे आहे. टॉवर ते टॉवर सरळ दृष्टिरेषा लागते, आणि हिशेब इथेच चुकतो. ५० किमीच्या टप्प्यात पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यावर जवळपास ३७ मीटरचा फुगवटा येतो. ६ गिगाहर्ट्झला फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे दृष्टिरेषेभोवती लहरीला लागणाऱ्या जागेची, त्रिज्या मध्यावर २५ मीटर; तिचा ६० टक्के भाग, म्हणजे १५ मीटर, मोकळा हवा. बेरीज ५२ मीटर. सपाट टुंड्रावरसुद्धा दोन्ही टोकांना ६० मीटरचे टॉवर उभारावे लागतात. झाडं असतील तर त्यांची उंची वेगळी.

पाण्यावरून जाणारा टप्पा टाळा. तळ्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीला मारते, आणि शांत, उबदार संध्याकाळी लिंक पडते. टाळता येत नसेल तर एकाच टॉवरवर वर-खाली दोन डिश लावतात. टॉवरवर दोन डिश म्हणजे वाऱ्याचा आणि बर्फाचा भार वाढतो. तारांनी ताणलेल्या टॉवरवर साचलेलं बर्फ हे कोसळण्याचं नेहमीचं कारण आहे.

मधल्या रिपीटरला, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणाऱ्या टॉवरला, वीज कुठून आणायची हा मायक्रोवेव्हचा खरा खर्च. आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर डिसेंबरमध्ये सूर्य उगवतच नाही, त्यामुळे सौर पॅनेल वर्षातले काही महिने निव्वळ ओझं असतं. प्रोपेनच्या उष्णतेतून वीज करणारा थर्मोइलेक्ट्रिक जनरेटर किंवा लहान डिझेल सेट ठेवावा लागतो आणि इंधन हेलिकॉप्टरने न्यावं लागतं. दर रिपीटरला वर्षातून किमान दोन हेलिकॉप्टर फेऱ्या धरल्या नाहीत तर ते अंदाजपत्रक खोटं समजावं. चारपेक्षा जास्त टप्पे होत असतील, तर आमचा कल मायक्रोवेव्ह सोडून दुसऱ्या पर्यायाकडे.

उंच कक्षेतला उपग्रह: पाठीशी ठेवायची जोडणी

१९७२ च्या नोव्हेंबरमध्ये अॅनिक ए-१ हा उपग्रह कक्षेत गेला आणि कॅनडाच्या उत्तरेत थेट फोन व टीव्ही पोचू लागला. अशा भूस्थिर, म्हणजे आकाशात कायम एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहाचं ऋण उत्तरेवर मोठं आहे. पण ३६ हजार किमी उंचीमुळे सिग्नलच्या एका फेरीला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, आणि तो कोणत्याही यंत्राने कमी होत नाही. दोन गावांमधला कॉल दक्षिणेतल्या केंद्रावरून फिरून येत असेल तर हा विलंब दुप्पट. बोलताना दोघं एकमेकांवर बोलतात. गाव ते गाव थेट मेश जोडणी मागितली तर निदान हा दुसरा फेरा वाचतो.

उत्तरेकडे सरकावं तसा हा उपग्रह क्षितिजाकडे झुकतो. नुनावुतच्या इकालुइटहून तो जास्तीत जास्त १८ अंशांवर दिसतो, रेझोल्यूटहून ७ अंशांच्या आत, ग्रिस फिऑर्डहून जेमतेम ५. समोर टेकडी किंवा नवं गोदाम आलं की संपलं. एल्समिअर बेटावरचं अलर्ट हे लष्करी ठाणं ८२ अंशांच्या वर असल्याने तिथून तो दिसतच नाही. म्हणून तिथला संदेश मायक्रोवेव्हच्या साखळीने दक्षिणेला युरेकापर्यंत आणून मग उपग्रहावर चढवतात.

डिशचा पाया नीट बघा. साडेचार मीटरच्या डिशचा केयू बँड या लहरपट्ट्यावरचा झोत सुमारे ०.४ अंश रुंद असतो. पर्माफ्रॉस्ट खचून पाया ०.२ अंश कलला तरी सिग्नल निम्मा होतो. खांब खोल, गोठलेल्या थरात रोवलेले हवेत, किंवा पायाला उंची बदलता येणारे पाय हवेत. वसंतात आणि शरदात सूर्य उपग्रहाच्या मागे येतो तेव्हा काही दिवस रोज काही मिनिटं सेवा जाते; ती वेळ आधी काढून आरोग्य केंद्राला कळवता येते.

२०१८ मध्ये टेलस्टार १९ व्हँटेज हा उपग्रह गेल्यावर नॉर्थवेस्टेल या दूरसंचार कंपनीने नुनावुतच्या सगळ्या २५ वस्त्यांत १५ एमबीपीएसपर्यंतची सेवा दिली. तेव्हा ती मोठी झेप होती, पण ५०/१० च्या पातळीपासून लांब. आणि एकाच उपग्रहावर विसंबण्याचा धोका ६ ऑक्टोबर २०११ रोजी दिसला होता: अॅनिक एफ-२ उपग्रहाची दिशा बिघडली आणि उत्तरेतल्या अनेक वस्त्यांचे लांब पल्ल्याचे फोन, इंटरनेट, बँकेची यंत्रं एकदम गेली, विमानफेऱ्याही रद्द कराव्या लागल्या.

खालच्या कक्षेतले उपग्रह: आज बहुतेक बेटांसाठी पहिली निवड

अशा उपग्रहांची दोन जाळी आहेत: स्टारलिंक सुमारे ५५० किमीवरून, वनवेब १,२०० किमीवरून चालतं. विलंब भूस्थिर उपग्रहाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो, त्यामुळे व्हिडिओ कॉल, ऑनलाइन परीक्षा, दक्षिणेतल्या रुग्णालयाची प्रणाली हे सगळं नीट चालतं. ओंटारियोतल्या पिकांगिकम फर्स्ट नेशन या आदिवासी वस्तीने २०२० मध्ये स्टारलिंक सुरुवातीलाच घेतलं. नुनावुतमध्ये २०२२ च्या अखेरीस सेवा सुरू झाली आणि घराघरांवर डिश दिसू लागल्या. कॅनडाच्या टेलिसॅट कंपनीचं १९८ उपग्रहांचं लाइटस्पीड जाळं उत्तरेसाठी आशादायक आहे, पण अजून सेवेत नाही. आजचा निर्णय त्याच्या भरवशावर लांबवू नका. करारात पुरवठादार बदलण्याची मुभा तेवढी ठेवा.

स्टारलिंक घ्यायच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांच्यातला फरक कौन्सिलने नीट समजून घ्यावा.

पहिली, प्रत्येक घराने आपली डिश घेणं. महिन्याला १४० डॉलर धरले तर ३०० घरांचे वर्षाला ५ लाख ४ हजार. बसवणं सोपं, निविदा नको, महिनाभरात गाव जोडलं जातं. पण ही डिश सरासरी ७५ ते १०० वॉट खाते, दिवसाला १.८ ते २.४ युनिट. तीनशे डिश म्हणजे गावाच्या डिझेल जनरेटरवर २२ ते ३० किलोवॉटचा अखंड भार. शिवाय जिला पहिल्या महिन्याचे पैसे आणि क्रेडिट कार्ड जमत नाही ती आजी जाळ्याबाहेर राहते. पैसा सगळा गावाबाहेर जातो आणि गावातल्या एकाही मुलाला तंत्रज्ञाचं काम मिळत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे गावासाठी एक मोठी जोडणी घेऊन तिचं वाटप स्थानिक जाळ्यातून करणं. स्टारलिंकने २०२३ मध्ये कम्युनिटी गेटवे जाहीर केला तेव्हाचा दर साडेबारा लाख अमेरिकी डॉलर सुरुवातीला आणि १ जीबीपीएसला महिना ७५ हजार, असा होता. पहिला गेटवे अलास्कातल्या उनालास्काला बसला. वर्षाला ९ लाख अमेरिकी डॉलर, म्हणजे दहा वर्षांत सुमारे १ कोटी अडीच लाख. कॅनेडियन डॉलरमध्ये हे १ कोटी ४० लाखांच्या घरात जातं. मॅकेन्झीच्या जुन्या दराने एवढ्यात जवळपास २०० किमी फायबर होतं. आजचा दर दुप्पट धरला तरी शंभर किमीच्या आतल्या गावाने आधी फायबरचा विचार करावा, असं हे गणित सांगतं. लहान गावांना वनवेबची क्षमता स्थानिक सेवादाराकडून घाऊक घेणं जास्त परवडतं, कारण तिथे शे-दोनशे एमबीपीएसपासून सुरुवात करता येते.

आता थंडीचं. घरगुती डिशचं कामाचं तापमान कंपनी उणे ३० ते ५० अंश सेल्सिअस सांगते. नुनावुतच्या बेकर लेकला जानेवारीत उणे ४० हे नवल नाही. चालू असलेली डिश स्वतःच्या उष्णतेने तगते. धोका वीज गेल्यावर असतो. सहा तासांनी वीज आली की पूर्ण गारठलेली डिश सुरू व्हायला त्रास देते आणि तारेचा जोड ठिसूळ होऊन तडकतो. डिश छोट्या बॅटरीवर ठेवा, जोडाला सैल वळण द्या आणि तार वाऱ्याने हलणार नाही अशी बांधा. उत्तरेत ध्रुवीय कक्षेतले उपग्रह संख्येने कमी असल्याने आकाश अधिक मोकळं हवं. छताच्या धुराड्यामागे बसवलेली डिश दर काही मिनिटांनी क्षणभर तुटते, आणि लोक दोष उपग्रहाला देतात.

इथेही सगळं एकाच कंपनीवर आहे हे विसरू नका. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकचं जाळं सॉफ्टवेअरच्या बिघाडाने जगभर सुमारे अडीच तास बंद होतं. ज्या गावात घरोघर तीच डिश, आरोग्य केंद्रावर तीच आणि मोबाइल टॉवरची मुख्य जोडणीही तीच, तिथे डिश कितीही असल्या तरी मार्ग एकच असतो.

एका नजरेत

| | फायबर | मायक्रोवेव्ह | भूस्थिर उपग्रह | खालच्या कक्षेतले उपग्रह |
|---|---|---|---|---|
| क्षमता | जवळपास अमर्याद | काही शे एमबीपीएस ते काही जीबीपीएस | महाग, मोजकी | मध्यम ते मोठी |
| विलंब | सगळ्यात कमी | कमी | ६०० मिलिसेकंदांच्या आसपास | भूस्थिरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास |
| नेहमीचा घात | वणवा, बर्फ, खचणारी जमीन | रिपीटरची वीज, टॉवरवरचं बर्फ | कललेला पाया, उपग्रहाचा बिघाड | गावातली वीज, कंपनीचा बिघाड |
| दुरुस्ती | दिवस ते महिने | हवामान उघडेल तेव्हा | गावातला तंत्रज्ञ करू शकतो | सुटी डिश असेल तर तासाभरात |
| खर्चाचा भार | बांधकामावर | बांधकाम आणि इंधनावर | महिन्याच्या बिलावर | महिन्याच्या बिलावर |

शेवटची ओळ कौन्सिलला सगळ्यात जास्त छळते. अनुदान बहुधा बांधकामाला मिळतं, महिन्याच्या बिलाला अवघड. त्यामुळे अर्ज लिहिणारे बांधकामाकडे झुकतात आणि तीन वर्षांनी बिल भरायला पैसे नसतात. अर्जासोबत दहा वर्षांचं चालू खर्चाचं पत्रक जोडा, कोणी मागितलं नसलं तरी.

गावातलं जाळं

मुख्य जोडणी कोणतीही असो, गावातलं जाळं हा वेगळा निर्णय आहे आणि तो टिकाऊ करता येतो. ३०० घरांना फायबर द्यायचं तर एक ओएलटी (गावाच्या केंद्रातलं मुख्य यंत्र), १:३२ चे, म्हणजे एका तंतूचे ३२ फाटे करणारे, दहा-बारा स्प्लिटर आणि घरोघर एकेक ओएनटी (घरातलं टोकाचं यंत्र) एवढं लागतं. १:३२ स्प्लिटर साधारण १७ डीबी खातो. नेहमीच्या २८ डीबीच्या मर्यादेत गावापुरतं अंतर सहज बसतं. घरं खांबांवर असतात आणि हलतात, म्हणून प्रत्येक घरापाशी दोन-तीन मीटर केबल गुंडाळून ठेवा. बाहेरच्या केबलचं आवरण पॉलिथिलीनचं घ्या. पीव्हीसी उणे ४० ला काचेसारखं तडकतं. आणि केबल वाकवायची कामं कडाक्याच्या थंडीत करूच नका. जोडकाम गरम केलेल्या तंबूत किंवा गाडीत होतं.

वायरलेसने सुरुवात करायची असेल तर २.५ गिगाहर्ट्झचं एलटीई (४जी मोबाइलचं तंत्र) हा पडताळलेला मार्ग आहे; एसएसआय कंपनीच्या किनिक सेवेने नुनावुतभर तोच वापरला. काही टॉवरवर गाव झाकलं जातं, पण संध्याकाळी वेग घसरतो.

एक अट कधीही सोडू नका: बाहेरची जोडणी तुटली तरी गावातल्या गावात फोन लागला पाहिजे. त्यासाठी कॉल जोडणारं यंत्र गावात हवं. अग्निशमन दल, नर्स आणि विमानतळ एकमेकांना दक्षिणेतल्या सर्व्हरशिवाय गाठू शकले पाहिजेत. या तिघांकडे एकेक इरिडियम उपग्रह फोनही असावा. त्याचे ६६ उपग्रह ध्रुवांवरून जातात, त्यामुळे तो कुठल्याही अक्षांशावर चालतो. दर महिन्याला एक चाचणी कॉल करून बॅटरी बघा.

वीज आणि बॅटरी

यंत्रखोलीचा भार ६०० वॉट असेल तर आठ तासांना ४.८ युनिट लागतात. ४८ व्होल्टला तो १०० अँपिअर-तास होतो. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नाही, म्हणून २०० घ्या. म्हातारपण आणि थंडी धरून २५०. उणे तापमानात शिशाच्या बॅटरीची क्षमता झपाट्याने उतरते. लिथियम आयर्न फॉस्फेट जास्त टिकते, पण शून्याखाली तिला चार्ज केलं तर कायमची बिघडते. हीटर असलेली घ्या किंवा खोलीतच ठेवा. शिवाय सुट्या लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, त्या सीलिफ्टने किंवा मालवाहू विमानाने येतात. खोली उबदार राहते यंत्रांच्या उष्णतेमुळे. वीज गेली की यंत्रं, ऊब आणि बॅटरी तिन्ही एकत्र उतरतात. दाराला दुहेरी पडदा आणि भिंतीला जाड उष्णतारोधक थर हे त्यामुळे आवश्यक सामान समजावं.

मग कोणी काय घ्यावं

फायबर शंभर किमीच्या आत आहे आणि रस्ता, हिवाळी रस्ता किंवा वीजवाहिनी आहे: फायबर घ्या, सोबत खालच्या कक्षेतल्या उपग्रहाची १०० ते २०० एमबीपीएसची जोडणी कायम चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा मुद्दाम फायबर बंद करून ती चालते का बघा. फायबरपासून दोन-तीन टप्प्यांवर, मध्ये दलदल: मायक्रोवेव्ह, तीच पाठराखण. बेट किंवा सुदूर किनारा, जसं नुनावुतचं जवळजवळ कोणतंही गाव: खालच्या कक्षेतली सामायिक जोडणी, गावात फायबर, आणि आरोग्य केंद्र व फोनपुरती वेगळ्या कंपनीची भूस्थिर जोडणी. शंभरपेक्षा कमी घरं असतील तर घरोघरच्या डिश चालतील, पण शाळा, आरोग्य केंद्र आणि कौन्सिलची जोडणी वेगळ्या कंपनीची हवी.

मालकीचा प्रश्न पैशाइतकाच मोठा आहे. ओंटारियोतल्या के-नेट व नुनाविकच्या तामानी या स्थानिक इंटरनेट सेवांनी आणि मॅनिटोबातल्या फर्स्ट नेशन्सनी एकत्र येऊन उपग्रहाची क्षमता वाटून घेतली, तेव्हा एका गावाची शाळा सुटल्यावरची रिकामी क्षमता दुसऱ्या गावाच्या आरोग्य केंद्राला वापरता आली. एकट्या गावाला हे जमत नाही. शेजारची चार गावं एकत्र निविदा काढतील तर दरही उतरतो आणि सामायिक सुट्या भागांचा साठाही परवडतो.

पुरवठादाराकडून पाच गोष्टी लेखी घ्या: गर्दीच्या तासात घरामागे किती एमबीपीएस मिळतील; तुटल्यापासून दुरुस्तीपर्यंतची हमी हिवाळ्यात किती दिवसांची; कोणते सुटे भाग गावातच राहतील; गावातल्या दोन माणसांना कोणतं प्रशिक्षण मिळेल; आणि करार संपल्यावर टॉवर, खांब व गावातलं फायबर कोणाच्या नावावर असेल.

सुट्या भागांची किमान यादी अशी: एक पॉवर सप्लाय, एक राउटर, ओएलटीचं एक कार्ड, दहा ओएनटी, दोन घरगुती डिश तारांसह, खांबापासून घरापर्यंतची २०० मीटर ड्रॉप केबल, तंतू जोडायचं (स्प्लाइसचं) सामान आणि रेक्टिफायरचं, म्हणजे एसी विजेची डीसी करणाऱ्या यंत्राचं, एक मॉड्यूल. पहिली जहाजं जूनच्या अखेरीस किंवा जुलैत निघतात, आणि माल त्याआधी बंदरात पोचावा लागतो. म्हणजे खरेदीचा ठराव कौन्सिलने फेब्रुवारीपर्यंत मंजूर करायला हवा. ती तारीख चुकली तर टॉवरचे लोखंडी भाग विमानाने आणावे लागतात किंवा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं.